बल्ब दिसता कामा नये

कंदील जमला की फसला, हे ठरवायची गिरगावातल्या आमच्या चाळीतली कसोटी एकच: पेटवल्यावर आतला बल्ब दिसता कामा नये. सांगाडा जरा वाकडा चालतो, करंज्या कमी-जास्त झाल्या तरी खपतात. पण दिव्याचा टोचरा ठिपका डोळ्यांत गेला की कंदील खाली उतरतो. दिवाळीच्या तोंडावर गॅलरीत बसून सगळ्या बिऱ्हाडांसाठी एकसारखे कंदील करायची रीत आहे, आणि त्यात भांडणं होतात ती बहुतेक कागदावरून.

कामट्या तासून, दोऱ्याने आवळून सांगाडा उभा राहिला की अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणलेले पतंगी कागदाचे ताव सुटतात. खळ घरचीच, मैद्याची. कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली. कामटीवर खळ फिरवून कागद ताणला की कडेचा पट्टा ओला होतो आणि त्यातून पलीकडचा कठडा, वाळत घातलेली साडी पुसट दिसू लागते. कागद म्हणजे तंतूंचं जाळं, मधल्या फटींत हवा. तंतूतून हवेत, हवेतून पुन्हा तंतूत जाताना प्रकाश दर खेपेला थोडा वळतो, थोडा मागे फिरतो आणि भरकटतच बाहेर पडतो. फटींत पाणी शिरलं की हे भरकटणं कमी होतं. तेलाने तर आणखीच. भज्यांखालच्या कागदावर पडतात ते आरपार डाग त्याचेच. पाणी वाळून हवा परतली की पट्टा पुन्हा दुधाळ. खळ जाड बसली तिथे मात्र रात्री काळपट डाग दिसतो, म्हणून ती बोटाने ओढून पातळ करायची.

जिलेटीन कागदाचं मला कधीच कौतुक वाटलं नाही. दुकानात तो भाव खातो, दोन थेंब पावसालाही दाद देत नाही. पण त्यात ते जाळंच नाही. तो प्रकाशाला रंग देतो, पसरवत नाही. लाल जिलेटीनमागे लाल बल्ब दिसतो, तारेसकट. त्यावर पोरांचा तोडगा म्हणजे आतून बटर पेपरचं अस्तर.

बटर पेपरची गंमत वेगळीच. छापील पानावर टेकवला तर अक्षर न् अक्षर वाचता येतं, चार बोटं वर उचलला की सगळं धुकट. कंदिलातही तसंच. कागदाला चिकटलेल्या कामटीची रेघ ठसठशीत उमटते, म्हणून ती सरळ हवी. मधली आडवी काडी कशीही असो. बल्ब दुधी असेल तर तिची सावली कागदापर्यंत पोचताना विरून जाते.

विखुरलेल्या उजेडाची पारख इथल्या जुन्या माणसांना कामातूनच आली असावी. लालबाग-परळच्या गिरण्यांत साचेखात्याचं, म्हणजे मागांच्या विभागाचं, छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असे आणि काचा उत्तरेकडे. उन्हाची तिरीप सहसा साच्यावर पडत नसे, आभाळाचा मऊ उजेड येई आणि तुटलेला धागा दिसे.

पूर्वी कंदिलात झिरोचा बल्ब. नाव झिरो, पण खायचा साधारण 15 वॅट. त्याच्या पिवळ्या उजेडात निळा अंश फारच थोडा, त्यामुळे निळा कागद लावला तर कंदील मळकट दिसायचा. लाल, पिवळा, केशरी हेच रंग चालायचे ते निव्वळ परंपरेमुळे नव्हेत. पांढऱ्या एलईडीचं मूळच निळ्या प्रकाशात. त्यावरच्या पिवळसर लेपामुळे तो पांढरा भासतो. तेव्हा माहीमच्या कंदील गल्लीत हल्ली निळे-जांभळे कंदील दिसले तर नवल नाही. एलईडीची माळ मात्र पोरं हौसेने थेट कामट्यांना गुंडाळतात. मग कागदाला टेकलेला एकेक मणी पुळीसारखा उठून दिसतो. माळ मधल्या काडीला गुंडाळा, असं दरवर्षी कुणीतरी सांगतं. उजेड कमी पडेल म्हणून दरवर्षी कुणीतरी ऐकत नाही.