गाडी घ्यायची, पण आईलाही विचारा!

मुलगा नोकरीला लागला, की पहिली मागणी मोटारसायकलची. शोरूममध्ये वडिलांचा प्रश्न ठरलेला, 'मायलेज किती?' शेजारचे गृहस्थ तेच कन्नडमध्ये विचारतात, 'मायलेज एष्टु?' मुलाची नजर मात्र ३५० सीसीच्या भारदस्त गाडीवर.

जरा थांबा. ही गाडी रोज जाणार कुठे? सकाळी टिळकवाडीहून उद्यमबागेत कामाला आणि संध्याकाळी आईला घेऊन खडेबाजारात. तिथल्या गर्दीत घडोघडी पाय टेकावा लागतो. १०० सीसीची गाडी साधारण ११० किलोंची, तर ३५० सीसीची क्लासिक १९५ किलोंच्या आसपास. बोळातून गाडी मागे ओढताना हा फरक चांगलाच कळतो. म्हणून आधी गाडीवर बसून दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का, ते पाहा.

मग ब्रेक. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. पावसात जोराने ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ नये, यासाठी ती सोय. त्याखालच्या गाडीला एबीएस आहे की दोन्ही चाकांना एकदम ब्रेक लावणारे सीबीएस, हे विचारून घ्या.

चाचणीच्या दिवशी आईला बरोबर न्या. मागे बसून कडी हाताला येते का, पाय ठेवायला जागा आहे का, साडी चाकापासून लांब राहते का, हे तिलाच ठरवू द्या. हेल्मेटही दोन घ्या. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचे आहे.

आई निर्धास्त बसली, की मग खुशाल मायलेज विचारा.