पक्षाघातानंतरचा हात आणि यंत्रमानव

गेल्या काही काळात आमच्या अनेक हितचिंतकांनी एकच प्रश्न वारंवार विचारला आहे. मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत पक्षाघाताच्या रुग्णाचा लुळा पडलेला हात यंत्रमानवाच्या साहाय्याने हलविला जातो. तसे यंत्र जामनेरला का आणू नये? एका देणगीदारांनी त्यासाठी रक्कम देण्याची तयारीही दर्शविली आहे. प्रश्न आपुलकीने विचारलेला असल्याने त्याचे उत्तर या अहवालातून सविस्तर द्यावे, असे आम्हांस वाटले.

आपल्या भागात या आजाराला 'लकवा मारला' किंवा 'अंगावरून वारे गेले' असे म्हणतात. वस्तुतः वारे कोठूनही येत नाही. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते, तेथील पेशींना रक्त मिळत नाही आणि त्या भागाच्या ताब्यातील विरुद्ध बाजूचे अंग निकामी होते. हा शहरातील सुखवस्तू लोकांचा आजार आहे, हा समजही खरा नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांतील मृत्यूंचा अभ्यास करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या गावांत दर सात मृत्यूंमागे सुमारे एक मृत्यू पक्षाघाताने झालेला होता व मृत्यूच्या कारणांत पक्षाघाताचा क्रमांक पहिला होता.

जे वाचतात, त्यांच्यापुढे हाताचा प्रश्न उभा राहतो. मेंदूच्या ज्या रक्तवाहिनीत अडथळा येण्याचे प्रमाण सर्वाधिक आहे, तिच्याच पुरवठ्यावर हाताचे नियंत्रण करणारा बराचसा भाग अवलंबून असतो. त्यामुळे पाय सुधारला तरी हात मागे राहतो. आमच्या भौतिकोपचार विभागात हे नित्य दिसते. रुग्ण काठी टेकत अंगणात फिरू लागला की घरच्यांना हायसे वाटते आणि उपचार तेथेच थांबतात. कपाशीची वेचणी सुरू झाली की रुग्णाला घेऊन येणारा माणूसही उरत नाही. मग चांगल्या हातानेच सर्व कामे उरकण्याची सवय जडते आणि ज्या हातात थोडीफार हालचाल येऊ शकली असती, तोही न वापरल्यामुळे निरुपयोगी होतो.

मेंदूच्या मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत; परंतु शेजारचे शाबूत भाग त्यांचे काही काम शिकून घेऊ शकतात. हे शिकणे सरावाने होते आणि सराव म्हणजे तीच हालचाल शेकडो वेळा, स्वतःच्या प्रयत्नाने करणे. अमेरिका व कॅनडातील सात केंद्रांतील ३१२ उपचारसत्रांचे निरीक्षण २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हाताने उपयुक्त हालचाल करण्याच्या आवृत्त्या एका सत्रात सरासरी अवघ्या ३२ भरल्या. आम्ही वाणिज्य शाखेचे असल्याने आकडा दिसला की तेथे थबकतो. हा आकडा पाहून मात्र खरोखरच थबकलो. संपन्न देशांत ही स्थिती असेल, तर एकट्या भौतिकोपचारतज्ज्ञावर चालणाऱ्या विभागाची कल्पना वाचकांनीच करावी.

यंत्रमानवाची निर्मिती या उणिवेतूनच झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे नेव्हिल होगन व हर्मानो क्रेब्स यांनी 'एमआयटी-मॅनस' हे यंत्र विकसित केले व १९९४ मध्ये त्याच्या रुग्णांवरील चाचण्या सुरू झाल्या. लॅटिनमध्ये 'मॅनस' म्हणजे हात. रुग्ण टेबलाजवळ बसतो, त्याचा हात यंत्राच्या दांड्याला पट्ट्याने बांधतात आणि समोरच्या पडद्यावरील ठिपक्याकडे त्याने दांडा न्यायचा असतो. रुग्णाने प्रयत्न केला की यंत्र वाट देते. तो अडला तर जेवढी लागेल तेवढीच मदत करते. यंत्र थकत नाही, कंटाळत नाही आणि प्रत्येक हालचालीची नोंद ठेवते.

याचा उपयोग किती होतो? अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. झटका येऊन किमान सहा महिने उलटलेले १२७ रुग्ण त्यात होते. यंत्रावरील गटाने १२ आठवड्यांत ३६ सत्रे केली व एका सत्रात हजाराहून अधिक हालचाली केल्या. ३६ आठवड्यांनंतर हा गट नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा पुढे होता; परंतु तितकाच कसून सराव ज्यांच्याकडून माणसांनी करवून घेतला, त्या गटापेक्षा तो पुढे नव्हता. पुढे ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर मोठा अभ्यास झाला व त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ठरविलेल्या निकषाइतकी सुधारणा यंत्राच्या गटात ४४ टक्के, माणसाकडून जादा सराव घेतलेल्या गटात ५० टक्के आणि नेहमीच्या उपचारांत ४२ टक्के रुग्णांत दिसली. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने पुरेसा ठरला नाही. न्यायाने हेही नमूद केले पाहिजे की ४५ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये निघाला, त्यात यंत्रांच्या साहाय्याने हाताची शक्ती व दैनंदिन कामे सुधारतात, असाच निर्वाळा दिला आहे. यंत्र निरुपयोगी नाही. मात्र गुण येतो तो आवृत्त्यांच्या संख्येने, आणि त्या यंत्राने करवून घेतल्या की माणसाने, याने फार मोठा फरक पडलेला दिसत नाही.

मग माणूस म्हणजे घरचाच माणूस शिकवून तयार केला तर? तोही प्रयोग आपल्याच देशात झाला आहे. १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांच्या या अभ्यासात नातेवाइकांना व्यायाम शिकवून घरी पाठविण्यात आले. २०१७ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा सहा महिन्यांनंतर मृत वा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के होते. घरच्यांच्या सेवेविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु प्रशिक्षित माणसाची जागा त्या सेवेने भरून निघत नाही. एक सूचना मात्र नातेवाइकांनी कटाक्षाने पाळावी : रुग्णाला उठविताना लुळा हात धरून ओढू नये. खांद्याचा सांधा निखळतो आणि एकदा दुखू लागलेल्या हाताने रुग्ण सराव करीत नाही.

आता हिशेबाकडे वळू. परदेशी यंत्राची किंमत ही केवळ सुरुवात असते. वार्षिक देखभाल करार, सुटे भाग, घसारा आणि यंत्र चालविण्यास प्रशिक्षित माणूस हा खर्च दरवर्षी येतो. शिवाय रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचला तरच यंत्राचा उपयोग. पहूर, शेंदुर्णी, फत्तेपूर, तोंडापूर येथून आठवड्यातून तीनदा येणे सोपे नाही. ७५ वर्षांवरील रुग्णाला २०२२ पासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे, सोबतच्या सुनेला किंवा लेकीला २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. परंतु बुडालेल्या रोजाची भरपाई कोणतीही सवलत करीत नाही.

या सर्व बाबी विचारात घेऊन, यंत्राऐवजी दुसऱ्या भौतिकोपचारतज्ज्ञाचे पद निर्माण करावे व दूरच्या गावांतील गरजू रुग्णांना येण्याजाण्याचा खर्च द्यावा, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. विभागात गुळगुळीत टेबल व चाके लावलेला पाट आहे; त्यावर हात ठेवून पुढेमागे सरकविण्याचा सराव होतो. प्रत्येक रुग्णाच्या आवृत्त्या स्वतंत्र वहीत लिहिल्या जाव्यात, अशी सूचनाही दिली आहे. मोजण्यासाठी फार काही लागत नाही : दर दहा आवृत्त्यांनंतर तुरीचा एक दाणा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकला तरी पुरते.

यंत्राचा विचार आम्ही कायमचा सोडलेला नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आयआयटी मद्रासच्या सहकार्याने पंजाच्या सरावासाठी 'प्लूटो' नावाचे लहान, सुटसुटीत यंत्र तयार केले आहे. ज्यांच्या हातात स्वतःहून जेमतेमच हालचाल होते, त्यांच्यासाठी असे देशी यंत्र उपयोगी पडू शकेल. दुरुस्तीची सोय जळगाव किंवा निदान नाशिकपर्यंत उपलब्ध झाली, की त्याचे दरपत्रक मागविण्याचा आमचा मानस आहे. दरम्यान, ज्या देणगीदारांनी यंत्रासाठी रक्कम देऊ केली, त्यांच्याशी आम्ही विचारविनिमय केला असून ती रक्कम तीन वर्षांच्या वेतनासाठी वापरण्यास त्यांनी संमती दिली आहे.