बक्षिसाच्या उंबरठ्यावरचा डाव

आखाजी जवळ आली, की खानदेशात पत्त्यांचे कॅट बाहेर निघतात. नंदुरबार जिल्ह्यातही झन्नामन्नाचे डाव रंगतात आणि त्यांवर पोलिसांचे छापेही पडतात. या डावाचा हिशेब सरळ असतो. समोर ठेवलेली नोट ही नोटच असते. शंभर जिंकले की शंभर हाती येतात आणि नको वाटले की उठून जाता येते. मोबाइलवरच्या पोकर स्पर्धांनी हाच हिशेब पालटला. पैसे लावून चालणारे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आणि देशातील कंपन्यांनी या स्पर्धा थांबविल्या. मात्र त्यात चांगली पाने हाती असूनही लोक का हरत होते, याचे उत्तर पानांपेक्षा बक्षिसाच्या वाटणीत सापडते.

नऊ जणांची एक छोटी स्पर्धा घेऊ. प्रत्येकाने १०० रुपये बक्षिसासाठी भरले आणि वर १० रुपये कंपनीचे शुल्क दिले. प्रत्येकाला १,५०० चिप्स मिळाल्या. जमलेल्या ९०० रुपयांतून पहिल्याला ४५०, दुसऱ्याला २७० आणि तिसऱ्याला १८० रुपये मिळणार. इतरांना काहीही नाही. पाच जण बाद होऊन चौघे उरले, की त्या स्थितीला खेळाडू ‘बबल’ म्हणतात. आणखी एक जण गेला, की बुडबुडा फुटतो आणि उरलेले तिघे बक्षिसाचे धनी होतात.

आता समजा, पहिल्याजवळ ६,००० चिप्स आहेत, दुसऱ्या व तिसऱ्याजवळ प्रत्येकी ३,००० आणि चौथ्याजवळ १,५००. या चिप्सची रुपयांतील किंमत किती? घोड्यांच्या शर्यतीत कोणता घोडा कितवा येईल, याची शक्यता मांडण्याचे एक सूत्र डेव्हिड हार्विल या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केले होते. पोकरमध्ये तेच वापरले जाते. चिप्स म्हणजे जणू घोड्याचा दम. (सारंगखेड्याचा घोडेबाजार भरविणाऱ्या जिल्ह्याला ही उपमा परकी वाटू नये.) या सूत्राने पहिल्याची किंमत सुमारे ३१६ रुपये येते, मधल्या दोघांची प्रत्येकी २२६ आणि चौथ्याची १३२. म्हणजे चौथ्याच्या चौपट चिप्स असूनही पहिल्याची किंमत त्याच्या अडीचपटही भरत नाही.

पहिल्याने आपल्या सर्व चिप्स पुढे सारून दुसऱ्याला आव्हान दिले, तर काय होते ते पाहू. दुसऱ्याने पाने टाकली, तर त्याचे २२६ रुपये शाबूत राहतात. आव्हान स्वीकारून तो जिंकला, तर ३१६ होतात. हरला, तर शून्य. मिळायचे ९० आणि जायचे २२६. असा सौदा परवडण्यासाठी त्याला शंभरातून किमान ७१ वेळा जिंकता आले पाहिजे. आखाजीच्या फडावर बरोबरीच्या पैजेला पन्नास वेळा पुरे झाल्या असत्या. एक्का-राजा ही जोडगोळी कोणत्याही दोन अज्ञात पानांपुढे शंभरातून सुमारे ६५ वेळा जिंकते. अर्थात, पहिल्याने पाने न पाहता चिप्स सारल्या आहेत हे ठाऊक असले, तरी दुसऱ्याने एक्का-राजा टाकून देणेच शहाणपणाचे. दश्शीची जोडी मात्र सुमारे ७५ वेळा जिंकते, ती खेळावी.

पहिल्याचे गणित निराळे आहे. तो हरला, तरी त्याच्याजवळ ३,००० चिप्स, म्हणजे २२६ रुपयांची किंमत उरते. जिंकला, तर किंमत ३८५ वर जाते. त्याला शंभरातून ५७ वेळा जिंकणे पुरते. एकाच डावात एकाला ७१ हवेत आणि दुसऱ्याला ५७. बड्या खेळाडूचे बळ या फरकात आहे.

म्हणून तो दडपण आणतो ते मधल्या दोघांवर. चौथा आज ना उद्या जाणार, तोवर तग धरावा, या आशेवर ते दोघे बसलेले असतात. चौथ्याला तशी आशा परवडत नाही, कारण ब्लाइंड त्याला खात असतात. (येथे ब्लाइंड म्हणजे तीनपत्तीतील न पाहता खेळलेली चाल नव्हे, दर डावात दोघांना आळीपाळीने भरावी लागणारी ती सक्तीची पैज आहे.) शिवाय चौथा बाद झाला, की मधल्यांची भीतीही संपते. त्यामुळे मुरलेला खेळाडू चौथ्याच्या मागे हात धुऊन लागत नाही. तो टिकून आहे तोवर मधल्यांचे ब्लाइंड उचलीत राहतो. आपल्याइतक्याच चिप्स असलेला दुसरा कोणी टेबलावर असेल, तर त्याच्या वाटेला मात्र तो जात नाही.

छोट्या स्पर्धांत हा डाव पुष्कळदा उलटत असे. शंभर रुपयांच्या टेबलावर ‘एक्का-राजा कोण टाकतो?’ असे म्हणणारा हमखास भेटे. समजा, पहिल्याने सत्ती-दुर्रीवर सर्व चिप्स सारल्या आणि दुसऱ्याने एक्का-राजावर त्या स्वीकारल्या. पहिला तीनपैकी सुमारे एकदाच जिंकणार. सरासरीने पहिल्याचे ३७ रुपये बुडतात. पण दुसऱ्याचेही १५ बुडतात, आणि तेही वरचढ पाने हाती असताना! हे ५२ रुपये जातात कोठे? सुमारे १९ तिसऱ्याकडे आणि ३३ चौथ्याकडे. त्या दोघांनी आपल्या पानांना हातही लावलेला नसतो.

त्यामुळे बड्या खेळाडूला आपल्या पानांपेक्षा समोरचा माणूस आधी वाचावा लागतो. मागच्या काही डावांत कोणी पाने टाकली आणि कोण हट्टाने अडून राहिला, याची नोंद ठेवावी लागते. टाकणाऱ्यावर हलक्या पानांनीही चढाई करता येते. अडणाऱ्यासमोर चांगली पाने येईपर्यंत थांबणे भाग असते. आता उरलेल्या फुकटच्या खेळांत बक्षीसच नसल्याने गमावण्यासारखे काही नसते. तेथे सत्ती-दुर्रीवर सारलेल्या चिप्सना चारही जण बिनदिक्कत सामोरे जातात.