दातावर दात नको

भाकरीचा कडक पापुद्रा चावला आणि उजव्या कानात 'कट्' असा आवाज झाला. पहिल्यांदा वाटलं, पिठात खडा असणार. पण मग जांभई देतानाही तोच आवाज येऊ लागला, आणि त्यामागोमाग कानात ठणका. कानाच्या डॉक्टरांनी आत डोकावून "कान स्वच्छ आहे" म्हणत दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी माझ्या दाढांचे झिजलेले माथे आरशात दाखवले, रात्री दातांवर चढवायचं कवच करून दिलं आणि फिजिओथेरपिस्टच्या नावाने चिठ्ठी लिहिली. कंबर धरलेली, गुडघे बदललेली माणसं तिथे जातात हे ठाऊक होतं. तोंडासाठी कोणी जात असेल असं वाटलं नव्हतं.

कानाकडून जबड्याकडे जाणारी ही वाट जुनी आहे. जेम्स कॉस्टन या अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञाने १९३४ साली कानाच्या अशाच तक्रारींचा संबंध जबड्याच्या सांध्याशी जोडला. त्याने सांगितलेलं कारण पुढे टिकलं नाही, पण संबंध खरा निघाला. सांध्याला आणि कानाच्या काही भागाला एकाच मज्जातंतूच्या फांद्या जातात. दुखतो सांधा आणि हात जातो कानाकडे.

फिजिओच्या खोलीत तीन खाटा, मधे हिरवे पडदे. मॅडमनी पहिल्यांदा काढली ती शाळेच्या कंपासपेटीतली सहा इंची पट्टी. "काका, दुखायच्या आधी थांबायचं. तिथपर्यंत तोंड उघडा." वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर भरलं २९ मिलिमीटर. धडधाकट मोठ्या माणसाचं चाळिसाच्या वर असतं. घरच्या घरी मोजायचं तर स्वतःची तीन बोटं उभी मावली पाहिजेत. माझी दोनच मावत होती.

मग त्यांनी दोन्ही कानांच्या पुढे एकेक बोट ठेवलं आणि मला सावकाश तोंड उघडझाप करायला लावलं. नजर हनुवटीवर. "उजवीकडे जातेय, बघा." आरशात पाहिलं तर खरंच, हनुवटी सरळ खाली न जाता वळण घेत होती.

याचं कारण सांध्याच्या रचनेत आहे. तोंड उघडताना जबड्याचं टोक आधी बिजागरीसारखं फिरतं, आणि मग खोबणीतून पुढे घसरतं. मधे एक चिवट, लहानशी चकती असते, तीही बरोबर सरकते. ती जागेवरून पुढे निसटलेली असली, की टोक तिच्यावर पुन्हा चढताना 'कट्' वाजतं. खालचा जबडा एक आणि सांधे दोन, त्यामुळे एक बाजू अडली की हनुवटी तिकडे वळते.

गरम शेक झाल्यावर मॅडमनी हातमोजे चढवले. अंगठा गालाच्या आत, बोटं बाहेर. मधे चावण्याचा स्नायू, सुंभासारखा ताठ. पीळ सापडला तिथे त्या दाबून थांबल्या. डोळ्यांत पाणी आलं, मग हळूहळू दुखणं विरलं. नंतर अंगठा खालच्या दाढांवर ठेवून जबडा अलगद खाली दाबला, थोडा पुढे ओढला, सोडला. पुन्हा तसंच. जोर इतका कमी, की एवढ्याने काय होणार असं वाटावं. "तुम्ही मला मदत करताय," त्या म्हणाल्या. "करू नका. जबडा माझ्या हातात सोडून द्या." पन्नाशीतल्या माणसाला जबडा सोडता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

पडद्यापलीकडे एक तरुण दातांमधे आइसक्रीमच्या काड्यांची चळत धरून बसला होता. आठवड्याला एक काडी वाढवायची. त्याचा सांधा ठणठणीत होता. सुपारी आणि गुटख्याने गालांचं अस्तरच ताठरलं होतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. मॅडम म्हणाल्या, काड्या अजून संपत नाहीत.

माझा गृहपाठ वेगळा होता. "'न' म्हणा. जीभ जिथे लागली तिथेच राहू द्या. ओठ मिटलेले, दात सुटे." एवढंच. खाणं आणि गिळणं सोडलं तर दातांना एकमेकांना भेटायचं कारण नसतं. दिवसभरातली भेट सगळी मिळून साधारण पंधरा-वीस मिनिटांची. मी मुद्रितं तपासतो. मान पुढे काढून, दात आवळून, सलग तीन तास. रागात दातओठ खाल्ले तर चारचौघांना दिसतं, पण ऱ्हस्व-दीर्घ शोधताना आवळलेले दात मलाही दिसत नव्हते.

त्यासाठी मॅडमनी टिकल्या चिकटवायला सांगितल्या. घरातल्याच पाकिटातली लाल टिकली संगणकावर, फोनच्या पाठीवर, स्कूटरच्या आरशावर. टिकली दिसली की विचारायचं, दात कुठे आहेत? पहिल्या दिवशी प्रत्येक वेळी एकच उत्तर आलं: दातावर दात. सिग्नलला तर हमखास. शिवाय जीभ टाळूला ठेवून तोंड उघडण्याचे आणि मान मागे घेण्याचे व्यायाम होते. दिवसातून सहादा, दर वेळी सहा.

सहा आठवड्यांनी पट्टी पुन्हा लागली. ३८. ठणका गेला होता, 'कट्' मात्र होतं. ते कधी जाणार, विचारलं. "दुखत नाही ना? मग वाजू दे. कित्येकांचं जन्मभर वाजतं."

परवा भाकरीचा पापुद्रा तोडला. कट्. मी चावायचा थांबलेला पाहून बायकोने विचारलं, "खडा लागला?" घास गिळून मी 'नाही'तला 'न' म्हटला, आणि जीभ तिथेच ठेवली.