जुन्या वाड्याचा इतिहास कसा शोधावा : सौंसरच्या निमित्ताने

सौंसरसारख्या गावी एखाद्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर बसून घरधन्यास वाड्याचे वय विचारले, तर 'भोसल्यांच्या वेळचा आहे' असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर आम्ही खोटे मानीत नाही. परंतु त्याची शहानिशा झाल्यावाचून त्यास इतिहास म्हणता येत नाही. ती शहानिशा कशी करावी, याचे थोडके दिग्दर्शन येथे करावयाचे आहे.

या भागातील मुख्य अडचण अशी की, गाव जागच्या जागी राहिले आणि अंमल बदलत गेले. १८५३ साली तिसरे रघूजी निवर्तल्यावर नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. १९५० साली त्याचेच नाव मध्यप्रदेश झाले व नागपूर त्याची राजधानी राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्ह्यातील सौंसर मात्र मध्यप्रदेशात राहिले, आणि २०२३ पासून ते नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. त्यामुळे एकाच घराचा कागद कधी मोडीत, कधी इंग्रजीत, तर कधी हिंदीत सापडतो, आणि त्याचा माग काढण्यासाठी नागपूर, छिंदवाडा व भोपाळ अशा तिन्ही दिशांस पाहावे लागते.

शोधाचा आरंभ आजपासून करून मागे जावे, असे आम्ही सुचवितो. प्रथम घरपट्टीची नोंद पाहावी. मग नोंदणी कार्यालयातील खरेदीखते, वाटणीपत्रे व गहाणखते पाहावीत. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे अशा खतांच्या तेथे दोन सूची ठेवल्या जातात : एक पक्षकारांच्या नावांची, दुसरी मिळकतीची. आपल्या घराचे खत सापडले नाही म्हणून निराश होऊ नये. प्रत्येक खतात चतुःसीमा लिहिलेली असते. शेजाऱ्याच्या खतात 'पूर्वेस अमुक यांचे घर' असा उल्लेख मिळाला, तर त्या वर्षी आपले घर कोणाच्या ताब्यात होते हे आपोआप कळते.

आसपासच्या खेड्यांत याहून मागे जाताना मालगुजारीचे दप्तर उपयोगी पडते. १८६० नंतरच्या बंदोबस्तात मालगुजारांस गावांची मालकी मिळाली. ती १९५१ मध्ये संपुष्टात आली. बंदोबस्ताच्या कागदांत शेताची नोंद तपशीलवार असते. पण आबादी, म्हणजे वस्तीची जागा, बहुधा एकत्रच दाखविलेली असते. म्हणून खसऱ्यात घर सापडले नाही, यावरून त्या काळी घर नव्हते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली खेड्यांतील आबादीची मोजणी सुरू झाली. परंतु तिच्यामुळे आजचा ताबा कळतो, पूर्वीचा नव्हे.

कालनिर्णयात सर्वांत मोठा घोटाळा सनांमुळे होतो. समजा, एखाद्या कागदावर केवळ 'सन १२५०' असे आहे. तो हिजरी सन असेल तर इसवी १८३४-३५ येते. दक्षिणी फसली असेल तर १८४०-४१, उत्तरेकडील फसली असेल तर १८४२-४३, आणि सुहूर सन असेल तर १८४९-५०. एकाच आकड्यात पंधरा वर्षांचे अंतर पडते! मराठी आणि हिंदी मुलखांच्या सीमेवर ही सावधगिरी विशेष हवी. कागदात शकाचा, तिथीचा वा वाराचा उल्लेख असल्यास तो ताडून पाहिल्याशिवाय वर्ष निश्चित करू नये.

कागदाबरोबर घरही वाचावे. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ साली मंगळूर येथे निघाला. अर्थात तशा कौलांचे छप्पर त्यापूर्वीचे असणे शक्य नाही. परंतु छपरावरून भिंतीचे वय ठरवू नये. कवेलू काढून नवी कौले घालणे ही नित्याची गोष्ट होती. उलट, सागवानी खांब जुना दिसला म्हणून वाडाही तितकाच जुना ठरत नाही, कारण पडलेल्या घराचे लाकूड दुसऱ्या घरात वापरीत असत. विटांचा जोड, चुन्याचा गिलावा, बुजविलेला दरवाजा यांवरून घर किती वेळा वाढले, कोणत्या वाटणीत दुभंगले, हे उमगते. यांपैकी प्रत्येक खूण एकेका भागापुरतीच साक्ष देते.

सर्वांत निकडीची गोष्ट शेवटी सांगतो. वाड्यातील रुमाल आज अनेक ठिकाणी वारसांस वाचता येत नाहीत, कारण ते मोडीत आहेत. आणि जे वाचता येत नाही ते निरुपयोगी ठरून रद्दीत जाते. भिंत पडली तर निदान पाया उरतो. कागद गेला की साक्षच बुडते. तेव्हा शिक्षकबंधुभगिनींस आमची विनंती आहे की, आपल्या गावी वाडा उतरविला जात असल्याचे कळताच तेथे जावे. घरधन्याच्या संमतीने रुमालांची छायाचित्रे घ्यावीत, कागदांचा मूळ क्रम मोडू नये, आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत त्यांच्याच शब्दांत तारखेनिशी लिहून ठेवावी. वाचणारा उद्या भेटेल. कागद मात्र आजच राखला पाहिजे. मग 'भोसल्यांच्या वेळचा' हे घरधन्याचे म्हणणे खरे ठरो वा न ठरो, त्याचा निवाडा करण्यास पुरावा तरी शिल्लक राहील.