जावाच्या आभासी यंत्रातील जावास्क्रिप्ट : पहिल्या पावलाचा मागोवा

जावाच्या आभासी यंत्रात, म्हणजे प्रोग्राम आणि प्रत्यक्ष प्रोसेसर यांच्यामध्ये उभ्या असलेल्या सॉफ्टवेअररूपी संगणकात, जावास्क्रिप्ट चालवण्याचा महत्त्वाचा प्रयत्न १९९७ साली नेटस्केपमध्ये सुरू झाला. संपूर्ण ब्राउझर जावात लिहिण्याचा तो बेत बारगळला, पण त्यासाठी घडवलेले इंजिन टिकले, आणि ओरायलीच्या जावास्क्रिप्टवरील पुस्तकाच्या मुखपृष्ठावरील गेंड्यावरून त्याला ऱ्हायनो हे नाव पडले.

आरंभी ऱ्हायनो प्रत्येक स्क्रिप्टचे बाइटकोडमध्ये, म्हणजे आभासी यंत्राच्या स्वतःच्या सूचनांमध्ये, रूपांतर करीत असे. त्याने पुढची धाव वेगवान होई. परंतु बाइटकोड रचून त्याचे क्लास यंत्रात चढवणे इतके जड होते की एकदाच चालणाऱ्या चार ओळींना कामापेक्षा तयारीलाच अधिक वेळ लागे, शिवाय तेव्हाची बहुतेक यंत्रे निकामी क्लास काढून टाकत नसल्याने मेमरी तुंबत जाई. म्हणून १९९८ मध्येच ऱ्हायनोला इंटरप्रिटरची, म्हणजे रूपांतराविना स्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने पार पाडणाऱ्या भागाची, जोड मिळाली. २००६ च्या जावा ६ मध्ये ऱ्हायनो अंतर्भूत झाला तो आकार आणि सुरक्षेच्या कारणास्तव रूपांतराचा भाग वगळूनच.

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारा त्याची चालही पारखतो. इंजिनांच्या तुलनेत मात्र बराच काळ फक्त दौड, म्हणजे तयारीनंतरचा वेग, मोजली गेली; आरंभीची चाल नव्हे. २०१४ च्या जावा ८ मधील नासहॉर्न हे इंजिन (जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थही गेंडाच) त्याचे ठळक उदाहरण होय. त्यात इंटरप्रिटर नव्हताच. 'बिल.रक्कम' एवढ्या साध्या उल्लेखातही ती रक्कम नेमकी कोठे ठेवली आहे हे चालतानाच कळते. नासहॉर्न तेथे मोकळी जागा सोडी, प्रथम पोहोचल्यावर योग्य कृती शोधून जोडी, आणि नंतरच्या खेपांना तो शोध वाचे. मात्र मोठ्या स्क्रिप्टच्या पहिल्याच फेरीत अशा असंख्य जोडण्या एकामागून एक कराव्या लागत. पुढे तयार बाइटकोड डिस्कवर साठवण्याची सोय आली, तरी पहिल्या फेरीतील तो विलंब ही १९९८ चा धडा विसरल्याची किंमत होती.

नासहॉर्न २०२० च्या जावा १५ मधून वगळला गेला, पण त्याचे जाहीर कारण भाषेच्या बदलत्या प्रमाणाशी जुळवून घेण्याची दमछाक हे होते. ग्रालव्हीएम या नव्या आभासी यंत्राच्या जावास्क्रिप्ट इंजिनाने पुन्हा इंटरप्रिटरपासून आरंभ करून वारंवार चालणारा भागच यंत्रभाषेत नेण्याची रीत स्वीकारली. मात्र हे रूपांतर करणारा ग्रालव्हीएमचा कंपायलर नसलेल्या साध्या जावावर ते इंटरप्रिटरपाशीच थांबते, जसा जावा ६ मधला ऱ्हायनो थांबला होता.