ऊसरोपांच्या मुळांचा जोडीदार : मायकोरायझा



नांदगाव हा कमी पावसाचा तालुका. विहिरीच्या पाण्यावर ऊस करायचा तर लावलेलं रोप जगलंच पाहिजे. म्हणून एक डोळा टिपरी कोकोपीटच्या ट्रेमध्ये लावून रोपे करण्याची पद्धत आपल्याला सोयीची. या रोपांना 'मायकोरायझा' कसे वापरावे, ते या लेखात पाहू.

बुरशी म्हटली की काणी, लाल कूज आठवते. पण सगळीच बुरशी वैरी नसते. मायकोरायझा म्हणजे 'बुरशी-मूळ'. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी 1885 साली दिले. यातली आपल्या उपयोगाची बुरशी मुळाच्या आत शिरते आणि केसापेक्षा बारीक तंतू बाहेर मातीत पसरते. स्फुरद जमिनीत जागचा फारसा हलत नाही. मुळाजवळचा संपला की मूळ उपाशी. तिथे हे तंतू लांबून स्फुरद आणि जस्त आणून देतात. मोबदल्यात ऊस आपल्या साखरेतला वाटा बुरशीला देतो. हाही एक सहकारच म्हणायचा!

मग ट्रेमध्येच का? शेतातल्या मातीत ही बुरशी थोडीफार असतेच, कोकोपीटमध्ये मात्र ती जवळजवळ नसते. कॉफीची रोपे कित्येक महिने पिशवीत वाढतात, त्यांनाही रोपवाटिकेतच ती देतात. कारण तेच : कोवळ्या मुळाला लहानपणीच सोबत मिळावी.

वापरताना लक्षात ठेवा

1. पाकिटावरील मात्रेप्रमाणे कल्चर टिपरीच्या खाली, मूळ फुटेल तिथे द्या. पानांवर फवारून उपयोग नाही. मुळात वस्ती व्हायला तीन-चार आठवडे लागतात.

2. गूळ-बेसनाच्या पिंपात ही बुरशी वाढत नाही बरं का! ट्रायकोडर्मा तसा वाढेल, ही नाही. ती फक्त जिवंत मुळावरच जगते.

3. काणीसाठी बेणेप्रक्रिया टाळू नका. मात्र बुरशीनाशकाच्या बादलीत कल्चर मिसळू नका. टिपरी निथळल्यावर कल्चर कोकोपीटमध्ये द्या. नंतर रोगाशिवाय ट्रेमध्ये बुरशीनाशक ओतू नये.

4. ट्रेला डीएपीचे पाणी भरमसाट देऊ नका. आयता स्फुरद मिळाला की ऊस बुरशीला थारा देत नाही. शेतात मात्र स्फुरद माती परीक्षणाप्रमाणे द्यावाच. ही बुरशी खत तयार करत नाही, असलेले पोहोचवते.

5. पाकिटावरची अंतिम तारीख पाहा. पाकीट उन्हात ठेवू नका.

घरी वाढवायची असेल तर

वाळू-मातीच्या छोट्या वाफ्यात थोडे खात्रीचे कल्चर टाकून त्यावर मका पेरा. सुमारे तीन महिन्यांनी पाणी तोडा, ताटे कापा आणि मुळे बारीक करून मातीसकट वापरा. मक्याला रोग असेल तर ती माती घेऊ नये. कांद्याच्या रोपांनाही ही बुरशी चांगली मानवते, कारण कांद्याच्या मुळांना केशमुळे फार कमी. कोबी-फ्लॉवरला मात्र तिचा उपयोग नाही.

स्फुरद भरपूर असलेल्या जमिनीत फरक दिसेलच असे नाही. म्हणून आधी दोन ट्रे कल्चर घालून आणि दोन न घालता करा. दोन्हींची मुळे धुऊन शेजारी ठेवा, शेतात लावल्यावर किती रोपे जगली ते मोजा, मगच जास्त पैसा घाला. आपल्या रानाचा हिशेब आपणच ठेवलेला बरा.